डाव्या हाताला

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलुंडमध्ये माझं छोटं क्लिनिक आहे, पण निम्मे पेशंट मी घरी जाऊन बघते, कारण त्यांना घराबाहेर पडणंच जमत नाही. लवू नाईकधुरे त्यांतलेच एक. मूळचे कणकवलीकडचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी करून निवृत्त झालेले, धिप्पाड, कमी बोलणारे. दिवाळी झाली आणि त्यांना लकवा मारला. वाचा राहिली, डोकं शाबूत राहिलं, पण डावा पाय जमिनीवरून उचलेना आणि डाव्या हाताची मूठ छातीशी आवळून बसली.

त्यांचं घर नव्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर. दोन खोल्या, त्यात पलंग, कपाट, टीव्ही आणि पुण्याला असणाऱ्या मुलीचं सामान. कॉरिडॉरमध्ये चपलांच्या कपाटांनी आणि सायकलींनी रस्ता अडवलेला. चालायला शिकवायचं तर सरळ, सपाट, मोकळी जागा लागते. खिडकीतून खाली बाग दिसत होती. मी त्यांच्या बायकोला, जानकीकाकूंना, म्हटलं, यांना खाली नेऊया.

"बागेत न्हेलं तर चलतीत काय गे हे?" काकूंनी विचारलं.

"हळूहळू चालतील," मी म्हटलं.

मुलुंड पश्चिमेला स्टेशनपासून आत गेलं की रस्ते एकमेकांना काटकोनात कापत जातात. शंभर वर्षांपूर्वी आधी कागदावर आखून मग वसवलेला हा भाग. त्या आखणीतच चार रस्त्यांच्या मध्ये ही बाग ठेवलेली. फाटकावर कुणाचं तरी नाव आहे, पण सगळे तिला चौकोनी बागच म्हणतात. चारही बाजूंना लोखंडी फाटकं, त्यांतली तीन कायमची कुलूपबंद. मधोमध काळ्या दगडाचा अष्टकोनी ओटा, त्यावर बिडाचे खांब आणि पत्र्याचं छप्पर. पूर्वी तिथे बँड वाजायचा म्हणतात. ओट्याजवळ एक कोरडं कारंजं. रेन ट्रीची झाडं इतकी जुनी की त्यांच्या फांद्या वर जाऊन एकमेकींत मिसळल्यात आणि भर दुपारीही खाली हिरवट, थंड उजेड असतो. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालूच असतात, पण फाटकातून आत दहा पावलं गेलं की ते लांबून कुठून तरी आल्यासारखे वाटतात. कडेने पेव्हर ब्लॉकचा चालायचा ट्रॅक आहे, एका कोपऱ्यात झोपाळे, दुसऱ्यात पिवळ्या-निळ्या रंगाची व्यायामाची यंत्रं.

जानेवारीत आम्ही सुरुवात केली. संध्याकाळी ऊन उतरलं की मी यायची. काकांच्या कमरेला पट्टा, तो माझ्या हातात, त्यांच्या उजव्या हातात काठी. डावा पाय पुढे येताना बाहेरून अर्धवर्तुळ काढून यायचा आणि बोटं जमिनीला घासायची. लकव्याच्या पेशंटची चाल अशीच असते. बागेची एक बाजू चालून झाली की काका बाकावर बसायचे. बुटाचं टोक घासून पांढरं झालं होतं. रखवालदार खंडू लांबून हाक मारायचा, "काका, आज झकास." झकास काही नव्हतं, पण काका मान हलवायचे.

फेब्रुवारीत मला डेंग्यू झाला. मी जवळजवळ महिनाभर घरी होते. काकूंना फोनवर सांगितलं, खंडूला मदतीला घेऊन रोज थोडं चालवत जा, पाडू मात्र नका. पहिल्या आठवड्यात त्या फोनवर सगळं सांगायच्या. मग फोन कमी झाले. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "तू ये बगूक. माका काय कळना नाय."

मी गेले तेव्हा काका झाडांखालून येत होते. पट्टा नव्हता. काठी नव्हती. काठी काकूंच्या हातात होती आणि त्या चार पावलं मागून येत होत्या.

मला आधी आनंद झाला, हे खरं आहे. डावा पाय व्यवस्थित उचलला जात होता. टाच आधी, मग बोटं. असं पाऊल पडायला काही जणांना वर्ष लागतं, काहींचं कधीच पडत नाही. ते जवळ आले तसं मला दिसलं, की आता उजवा पाय, म्हणजे त्यांचा धड पाय, गुडघ्यात वाकत नाही. तो ते सरळ, लाकडासारखा पुढे टाकत होते आणि दर पावलाला उजवा खांदा जरासा खाली जात होता.

मी त्यांना बाकावर बसवून उजवा गुडघा तपासला. वाकवला, सरळ केला. दुखत नव्हतं, सूज नव्हती, अगदी सहज वाकत होता. मग म्हटलं, उठा, चाला. ते उठले आणि पहिल्या पावलापासून गुडघा पुन्हा ताठ.

"काका, चालताना काय वाटतं?"

त्यांनी ओट्याकडे बघितलं. "मी खंय चलतंय गे बाय," ते म्हणाले. "चलवतत माका."

"कोण?"

ते पुन्हा चालायला लागले. निघायची वेळ झाली. आम्ही फाटकापर्यंत आलो, काकूंनी काठी त्यांच्या हातात दिली, आणि त्यांचा पाय उंबऱ्याबाहेरच्या फुटपाथवर पडताक्षणी डावी बाजू गळाली. पाय मागे राहिला, बोटं घासली, मूठ वळून छातीशी गेली. मी धरलं नसतं तर ते पडले असते. उजवा गुडघा मात्र आता छान वाकत होता.

"रोज असाच," काकू म्हणाल्या. "बागेत एक माणूस, भायर दुसरो."

रात्री मी पुस्तकं काढली. मेंदूचे पेशंट एका जागी चालतात, दुसऱ्या जागी अडतात, हे होतं. जमिनीवरच्या रेघा बघून पाय उचलला जातो, सवयीची जागा असली की भीती कमी होते. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. निरोगी गुडघा बागेपुरता का आखडावा, एवढं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर त्यांच्या चालण्याचा व्हिडिओ काढला आणि मिथुनला दाखवला. मिथुन माझा कॉलेजचा मित्र, घाटकोपरला हॉस्पिटलमध्ये हेच काम करतो. त्यानं पाहिला, पुन्हा पाहिला.

"गुडघा बघ उजवा," मी म्हटलं.

"बघतोय ना. पण तू पोराला कापलंस का मध्येच? फ्रेममध्ये घ्यायचं ना यार त्याला."

"कुठलं पोर?"

"अगं, हाताला आहे ते. नातू असेल." त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "डाव्या हाताला धरलंय बघ."

मी इतका वेळ पाय बघत होते. काकांचा डावा हात, जो मला गेल्या तीन महिन्यांत उघडता आला नव्हता, तो व्हिडिओत छातीशी नव्हता. तो खाली, शरीरापासून थोडा दूर होता. तळवा मागे वळलेला, बोटं अर्धवट मिटलेली. आणि काका चालताना किंचित त्या बाजूला झुकत होते. लहान मुलाचं बोट धरून चालताना उंच माणसाला झुकावं लागतं, तसे.

"नातू नाहीये त्यांना," मी म्हटलं.

मिथुननं मोबाइल परत दिला. "मग काय माहीत," तो म्हणाला, आणि चहा सांगायला उठला.

मार्चअखेर रेन ट्रीला गुलाबी फुलं आली. ट्रॅकवर त्यांचा मऊ सडा पडायचा आणि बुटांखाली तो अजिबात वाजायचा नाही. काका आता सकाळपासून बूट घालून बसायचे, असं काकूंनी सांगितलं. जेवणावर लक्ष नाही, टीव्ही नाही, खिडकीशी बसून बाग बघत राहायचे. मुलीचा फोन आला की हातात घ्यायचे आणि न बोलता काकूंकडे द्यायचे.

"आता तूच सांग, ह्या बरा म्हणाचा की वायट?" काकूंनी मला विचारलं. आम्ही बाकावर बसलो होतो. समोरून काका येत होते, न थांबता, न दमता. "लग्नाक चाळीस वर्सा झाली. माणूस लांबसून येताना दिसलो की माका कळता हे आसत म्हणान. आता कळना नाय."

"थोडे दिवस बागेत आणणं थांबवू या का?"

"मगे घरात चलतीत?"

मी खोटं बोलू शकले नाही. घरी त्यांची प्रगती शून्य होती. जानेवारीत होते तिथंच ते होते. काकूंनी पदर नीट केला आणि काठी घेऊन त्या पुन्हा काकांच्या मागे चालायला लागल्या.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला रोज एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. पांढरी सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा, अगदी ताठ पाठ. वसुधाताई. समोरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकट्या राहायच्या, शाळेत शिक्षिका होत्या, एवढं मला खंडूकडून कळलं होतं. काका समोरून गेले की त्या मान वळवून दूरपर्यंत बघत राहायच्या. आधी वाटलं, वेळ घालवतायत. मग लक्षात आलं, त्या फक्त त्यांनाच बघतात.

काकू उठून काकांच्या मागे गेल्यावर त्या माझ्या बाजूला सरकल्या.

"तुमचे पेशंट आहेत ना ते? त्यांचा उजवा गुडघा कशानं गेला हो?"

"गेलेला नाही," मी म्हटलं. "चांगला आहे."

"आमच्या अण्णांचा गेला होता. माझ्या वडलांचा. तरुणपणी रेल्वेत काम करताना पडले होते." त्या शांतपणे बोलत होत्या. "अण्णा रोज संध्याकाळी आम्हाला या बागेत आणायचे. मी मोठी, मी या बाजूला. उजव्या हाताला. ताठ पायाच्या बाजूला मोठ्या मुलानं चालावं, म्हणजे धक्का लागला तर सांभाळून घेता येतं, असं ते म्हणत."

"आणि डावीकडे?"

"भाऊ. माझा धाकटा."

काका ओट्याला वळसा घालून पलीकडे गेले होते. झाडांमधून त्यांचा शर्ट दिसत होता.

"एके दिवशी आम्ही घरी आलो, अण्णा आणि मी," वसुधाताई म्हणाल्या. "आईनं दार उघडलं आणि विचारलं, भाऊ कुठंय? अण्णांनी खाली बघितलं. म्हणाले, हा काय, माझ्या हाताला."

मी झाडांमधल्या त्या शर्टाकडे बघितलं.

"पोलीस आले. आसपासच्या विहिरी उपसल्या. रेल्वेलाइनच्या कडेनं माणसं कंदील घेऊन फिरली. काही सापडलं नाही. मला सगळे विचारायचे, तू बघितलंस का, कधी हात सुटला. मी काय सांगणार? मी दुसऱ्या बाजूला होते. मधे अण्णा होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अण्णांना मात्र कधीच वाटलं नाही, की हात सुटलाय. ते गेले तोपर्यंत रोज इथे यायचे. तसाच हात धरून. लोक हसायचे. मग हसायचे थांबले."

काका पुन्हा आमच्या दिशेनं येत होते. झोपाळ्यांवरची मुलं एकेक करून घरी चालली होती. दिवे अजून लागले नव्हते.

वसुधाताई उठल्या. मला वाटलं त्या घरी निघाल्या. त्या ट्रॅकवर गेल्या, काकांच्या उजव्या बाजूला झाल्या आणि त्यांनी आपला हात काकांच्या हातात दिला.

काका थांबले नाहीत. त्यांनी मानही वळवली नाही.

"वसू, पुढे बघून चाल," ते म्हणाले.

शुद्ध, स्वच्छ मराठीत. आवाज काकांचाच होता. पण त्या माणसानं जन्मात मालवणीखेरीज दुसऱ्या बोलीत बायकोपुढे तोंड उघडलं नव्हतं, असं मला काकूंनीच एकदा हसत सांगितलं होतं.

काकू मागे होत्या. त्या जागीच उभ्या राहिल्या.

"कोण वसू?" त्यांनी मला विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न बघता त्या पुढे गेल्या, वसुधाताईंचा हात त्यांनी बाजूला केला आणि काकांचं मनगट धरलं. "घराक चला."

"काकू, सावकाश," मी म्हटलं.

"माका माझो घोव होयो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "फरफटत चललो तरी चलात."

त्या त्यांना फाटकाकडे न्यायला लागल्या. मी दुसऱ्या बाजूला गेले. काका येत होते. विरोध करत नव्हते. त्यांचे पाय येत होते, धड येत होतं.

डावा हात येत नव्हता.

तो मागे राहिला होता. खांद्यापासून सरळ, ताणलेला, खाली झुकलेला. बाग सोडून जायचं नाही म्हणून मूल जमिनीवर बसकण मारतं, आणि बाप त्याला ओढत नेतो, तेव्हा बापाचा हात असाच ताणलेला असतो.

आम्ही फाटकाशी पोचलो. वसुधाताई मागून येत होत्या.

"त्याला नेऊ नका हो," त्या म्हणाल्या.

मी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. आखडलेला स्नायू कसा लागतो, हे माझ्या बोटांना पाठ आहे. जोरात ओढला तर अडतो, सावकाश ताणला तर सैलावतो. हा हात आखडलेला नव्हताच. स्नायू मऊ होते. ओढ आतून नव्हती.

मी काकांची बोटं उघडायला लागले. करंगळी. मग तिच्या शेजारचं.

ओढ एकदम थांबली. हट्ट सोडून मूल आपणहून चालायला लागावं, तशी. काका तोल जाऊन पुढे आले आणि आम्ही तिघंही फुटपाथवर आलो. काठी खाली पडली. डावा पाय गळाला.

"जानके," काका म्हणाले. दमलेला, घोगरा आवाज. "खंय आसय मी?"

काकू रडल्या नाहीत. त्यांनी त्यांना धरलं, मी काठी उचलली, आणि आम्ही रस्ता ओलांडला. एकदा मी मागे बघितलं. वसुधाताई फाटकाचे गज धरून आत उभ्या होत्या. त्या आमच्या चेहऱ्यांकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर खाली होती, काकांच्या बाजूला, आणि आम्ही जसजसे पलीकडे गेलो तशी ती नजर सरकत गेली. काकांना त्या नेहमी अहो-जाहो करायच्या, आणि फाटकाशी मात्र ‘त्याला’ म्हणाल्या होत्या, हे मला घरी आल्यावर आठवलं.

त्यानंतर बागेत जाणं बंद केलं. टॉवरच्या पार्किंगमध्ये सकाळी गाड्या निघून गेल्या की मोकळी जागा मिळते. तिथे आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पट्टा, काठी, घासणारी बोटं. उजवा गुडघा वाकत होता. काका पुन्हा जेवायला लागले, मुलीशी फोनवर बोलायला लागले, माझ्यावर वैतागायला लागले. काकूंचा चेहरा उतरलेला होता तो निवळला. मेमध्ये तर डावा हातही सैल पडू लागला. मूठ आपोआप उघडायची, हात छातीवरून खाली यायचा. इतक्या उशिरा हात सुधारणं तसं क्वचितच होतं, पण होतं. मी मिथुनला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बघ, उगाच घाबरली होतीस.

वसुधाताई मला एकदा क्लिनिकच्या दारात भेटल्या. त्या उन्हात उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या.

"बागेत आता बसवत नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तिथे जात होते, कधी एकटं वाटलं नाही. आता काहीच नाही तिथे. रिकामी झाली हो बाग." मग त्यांनी विचारलं, "ते बरे आहेत ना? जेवतात ना नीट?"

"हो, काका मजेत आहेत," मी म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि छत्री उघडून निघून गेल्या.

परवा मी काकांकडे गेले होते. दुपारची वेळ होती. काका खुर्चीत बसले होते, टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती, काकू शेंगा सोलत होत्या. डावा हात खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत होता, तळवा मागे, बोटं अर्धवट मिटलेली. मी स्टूल ओढून बसले आणि हात मांडीवर घेतला. तो गरम आणि ओलसर होता. उजेडाकडे वळवला तेव्हा हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळापासून जरा वर, नखांचे ओरखडे दिसले. ताजे, लाल. त्याच हाताची नखं तिथे पोचणार नाहीत. आणि एवढी बारीक नखं मोठ्या माणसाची नसतात.

"मांजर पाळलंय का काकू?"

"आठव्या मजल्यार मांजर खंयसून येतला?" त्या शेंगा सोलत म्हणाल्या.

मी बोटं सरळ करायला घेतली. काकांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"हळू गे बाय," ते म्हणाले. "पोर आत्ताच निजलाहा."

काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज कमी केला.